अकरावी-बारावीला स्पॅनिश प्रत्यक्ष शिकवण्याची सोय करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कनिष्ठ महाविद्यालयांतील स्पॅनिश विषयासाठी सामाईक वर्ग, शिक्षक व तोंडी परीक्षेची व्यवस्था होण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील अकरावी-बारावीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि स्पॅनिश शिकवणारे काही शिक्षक आहोत. राज्य मंडळाच्या बारावीच्या वेळापत्रकात उर्दू, फ्रेंच, पाली यांच्या जोडीला स्पॅनिशही असते. त्यामुळे विषयाला मान्यता द्या, अशी आमची मागणी नाही, मान्यता आहेच. प्रश्नपत्रिका निघते, उत्तरपत्रिका तपासल्या जातात, पण वर्ग भरतो तो मोजक्याच ठिकाणी. ज्या विषयाची परीक्षा घेतली जाते तो शिकवलाही जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्यापैकी काहींनी जिथे प्रवेश घेतला, तिथे द्वितीय भाषा म्हणून स्पॅनिश मिळेल असे प्रवेशाच्या वेळी सांगितले होते. तासिका तत्त्वावर आलेल्या शिक्षिका दिवाळीपूर्वीच एका कंपनीत रुजू झाल्या. नंतर तो तास रिकामा जाऊ लागला. सहामाही तोंडावर आल्यावर ‘हिंदी नाहीतर आयटी घ्या, विषयबदलाचा अर्ज ऑफिसात मिळेल’ असा निरोप शिपायामार्फत वर्गात आला. लेखी काहीच नाही. बहुतेकांनी मुकाट्याने अर्ज भरला. ज्यांनी भरला नाही, त्या मुली संध्याकाळी खाजगी क्लासला जाऊ लागल्या आणि घरच्यांनी दुहेरी फी भरली. शिक्षिकांना आम्ही दोष देत नाही. मानधन तासावर, तेही तीन-तीन महिने थकलेले, आणि मे महिन्यात काहीच नाही. अशा नोकरीत कोण टिकेल?

दुखणे मुख्यतः शिक्षकांपाशीच आहे. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. स्पॅनिशमध्ये या दोन्ही अटी पूर्ण करणारा उमेदवार शोधायला निघाले की हाती फारसे कोणी लागत नाही. याउलट सेर्व्हान्तेस संस्थेची ‘देले’ परीक्षा वरच्या पातळीवर उत्तीर्ण झालेली, दिल्लीच्या जेएनयूतून किंवा हैदराबादच्या इफ्लूतून स्पॅनिशची पदवी घेऊन आलेली माणसे पुण्यात आहेत. ती कंपन्यांत अनुवाद करतात, शनिवार-रविवारी क्लास घेतात. अशांना या विषयापुरती बी.एड.ची अट ठरावीक मुदतीसाठी शिथिल करावी व त्या मुदतीत ती पूर्ण करण्याची संधी द्यावी. नेमणूक तासिका तत्त्वावर न करता पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी, दरमहा निश्चित वेतनावर करावी.

प्रत्येक महाविद्यालयात स्पॅनिशचा शिक्षक असावा, असा हट्ट आम्ही धरत नाही. पाच-सात विद्यार्थ्यांसाठी तुकडी चालत नाही, हे संस्थाचालकांचे म्हणणे आम्हाला पटते. म्हणून एका परिसरातील सर्व महाविद्यालयांसाठी मिळून एक सामाईक वर्ग असावा. आठवड्यातून दोन दुपारी सलग तास ठेवल्यास प्रॅक्टिकलच्या वेळाही सांभाळता येतील. तेथील हजेरी मूळ महाविद्यालयात ग्राह्य धरावी. ऑनलाइन प्रवेशाच्या माहितीत ‘विषय उपलब्ध’ असे नुसते लिहू नये. वर्ग कुठे भरेल आणि शिक्षक नेमला आहे की नाही, हेही दिसावे. एकदा वर्ग सुरू झाला की वर्षाच्या मध्यात विषय बदलायला सांगता येणार नाही, असे परिपत्रक काढावे.

तोंडी परीक्षेकडे विशेष लक्ष द्यावे, ही विनंती. भाषा विषयांत ८० गुण लेखी व २० तोंडी असतात. शिक्षकच नसेल तर हे २० गुण कोण आणि कशावरून देणार? पाठ केलेला स्वपरिचय म्हणून दाखवला की गुण, अशी तोंडी परीक्षा आम्हाला नको. परीक्षक बाहेरचा असावा आणि ध्वनिमुद्रित संवाद ऐकवून त्यावर प्रश्न विचारावेत. शिवाय सीबीएसईतून दोन-तीन वर्षे स्पॅनिश शिकून आलेला विद्यार्थी आणि अकरावीत पहिल्यांदाच ‘ओला’ म्हणणारा विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. आयबी अभ्यासक्रमात अगदी प्रारंभापासून शिकणाऱ्यांसाठी वेगळा स्तर आहे. तसे दोन स्तर आपल्याकडेही करावेत. आज ही सोय लाखांत फी भरणाऱ्या शाळांतच मिळते, म्हणूनच ती मंडळाच्या विद्यार्थ्यांनाही हवी.

वर्गासाठी मराठीतून लिहिलेली एक हस्तपुस्तिकाही हवी. स्पॅनिशमधील ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत, आणि ‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य स्पॅनिशमध्येही याच धाटणीने होते. तेच इंग्रजीच्या आडवळणाने शिकवताना तास खर्ची पडतो. अडचण येते ती आपल्या एका ‘आहे’साठी तिथे दोन क्रियापदे असल्याने, पुस्तिकेने जास्त पाने तिथे द्यावीत.

स्पॅनिशच का, असा प्रश्न आपल्या कार्यालयातून येईलच. वीस देशांची ती राजभाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावरील परकीय भाषांत तिचे नाव आहे. चाकणच्या कारखान्यातून मोटारी मेक्सिकोला जातात. स्पॅनिश मालकीचे सुट्या भागांचे कारखानेही त्याच पट्ट्यात आहेत. पण केवळ नोकरीसाठी भाषा शिकावी, असे आम्हाला वाटत नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केले, आणि चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. त्यांच्या त्या आयुष्याची कागदपत्रे मुळातून वाचू शकणारी किती मुले आपण तयार करतो आहोत?

पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेच्या वादात हे निवेदन कृपया ओढू नये. येथे प्रश्न सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी स्वेच्छेने निवडलेल्या विषयाचा आहे. स्पॅनिश घेतली म्हणून मराठी सोडावी लागू नये, असेच आम्हाला वाटते. तेव्हा मराठी द्वितीय भाषा ठेवून स्पॅनिश ऐच्छिक गटात घेता येईल, असे विषयगट जाहीर करावेत.

पुढील वर्षाची अकरावीची प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी निर्णय व्हावा. संपूर्ण राज्यासाठी तेवढ्या वेळात शक्य नसेल, तर किमान पुणे, मुंबई व नागपूर येथे प्रत्येकी एक सामाईक वर्ग सुरू करावा. आमच्या प्रतिनिधींना भेटीसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
विद्यार्थी, पालक व शिक्षक
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसर

सोबत : सह्यांची यादी, सामाईक वर्गाच्या वेळापत्रकाचा नमुना.

प्रत माहितीसाठी :
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
मा. शिक्षण संचालक (माध्यमिक व उच्च माध्यमिक), पुणे