प्रमुख विषय आणि उरलेसुरले विषय

पदवीच्या विद्यार्थ्याने एक विषय सखोल शिकावा आणि त्याच वेळी इतर ज्ञानशाखांशीही त्याचा परिचय व्हावा, हे तत्त्व राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पुरस्कारिले. ते नवे नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्येच सामान्य शिक्षणाचा आग्रह धरला होता. शाखांच्या भिंती मात्र त्यानंतरही अभंग राहिल्या.

आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याचा हिशेब पाहावा. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक. त्यांपैकी प्रमुख विषयाचे किमान ६०, दुय्यम विषयाचे २४ आणि बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांचे अवघे ९. भाषा, कौशल्ये व मूल्यशिक्षण यांचा वाटा निराळा. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी केलेली विभागणी थोडीफार वेगळी असली, तरी चौकट हीच.

प्रमाण कमी आहे, ही खरी अडचण नव्हे. निवडीचे स्वातंत्र्य म्हटले की अर्थशास्त्राचा विद्यार्थी प्रथम विचारील, निवडण्याजोगे बाजारात आहे काय? ज्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात केवळ कला व वाणिज्य या शाखा आहेत, तेथे पदार्थविज्ञानाची तोंडओळख कोण करून देणार? व्यवहारात घडते ते असे, की कोणत्या अध्यापकाचा कार्यभार कमी पडतो हे आधी पाहिले जाते आणि त्यावरून ‘ऐच्छिक’ विषयांची यादी सिद्ध होते. उरलेले तास तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या पदरी पडतात. पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाला, तेव्हा एकाच प्रकल्पवहीच्या किती नकला निघाल्या, हे प्राध्यापकांना सांगावयास नकोच.

डॉ. आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळविली, ती अर्थशास्त्र हा प्रमुख विषय घेऊन. पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्रही ते तेथे शिकले. त्याच विद्यापीठाच्या महाविद्यालयाने १९१९ मध्ये समकालीन संस्कृतीचा एक अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचा केला आणि तो छोट्या वर्गांतील चर्चेतून शिकविण्याची प्रथा पाडली. तेथे हा विषय उरलासुरला नाही, पदवीचा पाया मानला गेला. अर्थात छोटे वर्ग म्हणजे अधिक अध्यापक, आणि अधिक अध्यापक म्हणजे अधिक खर्च. मंजूर पदेही जेथे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, तेथे हा खर्च शासन कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकणार, याचा उल्लेख कोणत्याही परिपत्रकात ठळकपणे आढळत नाही.

या विषयांसाठी स्वतंत्र पदे द्यावीत. शेजारच्या महाविद्यालयांनी एकमेकांचे वर्ग परस्परांच्या विद्यार्थ्यांस खुले करावेत. प्रथम वर्षाचा हा तास विभागातील ज्येष्ठाने घ्यावा. यांतले काहीच तूर्त जमत नसेल, तर निदान प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या विषयांच्या यादीत प्रत्येक विषयापुढे तो शिकविणाऱ्या अध्यापकाचे नाव आणि त्याचा स्वतःचा विषय छापावा. त्याला खर्च पडत नाही.