साठीनंतरची शिकवणी

माणूस नोकरीतून निवृत्त झाला की घरातली माणसे त्याला मोठ्या प्रेमाने एक खुर्ची देतात. "जन्मभर कष्ट केले, आता बसा," म्हणतात. त्यात माया असते हे खरे. परंतु पुढे त्या खुर्चीतून उठायलाच दुसऱ्याचा हात लागू लागतो, तेव्हा ही माया महागात पडलेली असते. म्हणून या खेपेस आम्ही एका वेगळ्याच शिकवणीची हकिकत सांगणार आहोत. ही शिकवणी बर्फावरची, आणि तिचे बहुतेक विद्यार्थी साठीच्या पुढचे.

आम्ही उभयता मुलाच्या नोकरीमुळे कॅनडात येऊन राहिलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. आमच्यातल्या एकाचे वय ६७, दुसरीचे ६३. इथला हिवाळा लांबलचक. घरात किती दिवस कोंडून घेणार? शेजाऱ्यांच्या संगतीने आम्ही क्रॉस-कंट्री स्कीइंग करू लागलो. सिनेमात डोंगरावरून भन्नाट वेगाने खाली येतात, तो हा खेळ नव्हे. यात लांब, अरुंद पट्ट्या बुटांच्या पुढच्या टोकाला अडकवायच्या. टाच मोकळी राहते. दोन हातांत दोन काठ्या घ्यायच्या आणि सपाटीवरून, चढ-उतारावरून बर्फात चालत-घसरत जायचे. त्या पट्टीला स्की म्हणतात. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मोसम संपता संपता, कॅनमोर येथे तीन दिवसांचे तंत्र-शिबिर होते. त्याला आम्ही गेलो.

कॅनमोर हे अल्बर्टा प्रांतातले, रॉकी पर्वताच्या कुशीतले गाव. कॅल्गरीपासून सुमारे १०० किलोमीटर. हे मूळचे कोळसा खाणीचे गाव. १९७९ साली खाण बंद पडली आणि कामगारांचा रोजगार गेला. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाने जे भोगले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पुढे १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकसाठी येथे स्कीइंगचे केंद्र उभारले गेले. आज त्याच वाटांवर आमच्यासारखी साधी माणसेही शिकतात.

कोणी म्हणेल, हा तर गोऱ्या, पैसेवाल्या लोकांचा खेळ. तसे नाही. उत्तरेकडची माणसे हजारो वर्षांपासून शिकारीला जायला, शेजारची वस्ती गाठायला स्की वापरत आली. कॅनडाच्या शेरॉन आणि शर्ली फर्थ या जुळ्या बहिणी ग्विचिन या आदिवासी समाजातल्या. दूर उत्तरेच्या इनुविक गावातून पुढे आलेल्या या मुलींनी १९७२ ते १९८४ या काळात लागोपाठ चार ऑलिंपिकमध्ये आपल्या देशातर्फे भाग घेतला. तेव्हा खेळ कोणाचा, हे खेळणारा ठरवतो.

आणि वयाचे म्हणाल तर हर्मन स्मिथ-योहानसेन यांचे नाव घ्यावे लागेल. १८७५ साली नॉर्वेत जन्मलेल्या या गृहस्थाने कॅनडातल्या क्वेबेकच्या डोंगरांत स्कीच्या वाटा पाडल्या. लोक त्यांना 'जॅकरॅबिट', म्हणजे ससा म्हणत. शंभरी ओलांडल्यावरही ते स्कीवर उभे राहत. १९८७ साली वयाच्या १११ व्या वर्षी ते वारले. सगळ्यांना काही इतके आयुष्य लाभत नाही, हे आम्हालाही कळते. पण साठी म्हणजे शेवट, हा हिशेब चुकीचा आहे एवढे तरी त्यांच्याकडे पाहून पटते.

मोसमाच्या शेवटी शिबिर कशाला, असे आम्हालाही अनेकांनी विचारले. त्याला कारण आहे. हिवाळाभर चालून अंग तयार झालेले असते. शर्यती आटोपलेल्या असतात, त्यामुळे वेगाची घाई नसते. थंडी बोचत नाही आणि दिवस मोठा असतो. अडचण एकच, ती बर्फाची. रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो आणि दुपारी त्याचा चिखल होतो. म्हणून शिकवणी सकाळी लवकर सुरू होई आणि दुपारी बर्फ मऊ पडला की थांबे. अशा बर्फासाठी स्कीच्या तळाला क्लिस्टर नावाचा काकवीसारखा चिकट लेप लावतात. हाताला लागला की लवकर सुटत नाही.

आता तंत्राची गोष्ट ऐका, कारण सगळे मर्म त्यात आहे. स्की मधोमध धनुष्यासारखी किंचित उचललेली असते. पकड देणारा लेप त्या उचललेल्या भागाला, पायाखालीच लावतात. एका पायावर पूर्ण भार टाकला की तो भाग बर्फाला टेकतो आणि पुढे रेटा मिळतो. भार दोन्ही पायांवर वाटून ठेवला, तर मधला भाग वरच राहतो. मग स्की मागे सरकते आणि माणूस जागच्या जागी पाय घासत राहतो. उतारवयात पडण्याची भीती असते. त्या भीतीने माणूस दोन्ही पायांवर थोडा थोडा भार ठेवतो. पकड मिळत नाही, मग सगळा जोर हातांवर येतो, दम लागतो आणि तो म्हणतो, "आता वय झाले." वास्तविक दमवणारे वय थोडे आणि भीती जास्त, असा तो प्रकार असतो.

आमची प्रशिक्षिका पंचविशीची, नातीच्या वयाची म्हणावी अशी. तिने पहिल्या दिवशी सर्वांच्या काठ्या काढून घेतल्या. मग एक स्कीही काढायला लावली. एका पायाने रेटायचे आणि दुसऱ्या पायावर जमेल तितका वेळ तोल सांभाळत घसरायचे. वर्गात एक निवृत्त परिचारिका होती, एक ट्रकचालक होता, एक शाळामास्तर होते. सारे लहान मुलांसारखे धडपडत होते, हसत होते. ती प्रत्येकाचे चित्रण मोबाइलवर करी आणि लगेच दाखवी. "गुडघा वाकवा, नजर पुढे ठेवा, पायावर विश्वास ठेवा," एवढेच सांगे. तिने आमची कीव केली नाही की वयाची सवलत दिली नाही. आम्हाला हाच मोठा मान वाटला. तिसऱ्या दिवशी ज्या चढावर आधी तीनदा थांबावे लागे, तो चढ आम्ही एका दमात चढलो. तीन दिवसांत अंगात नवी ताकद येत नसते. होती ती ताकद वाया जायची थांबली, एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या चाळीत बर्फ कुठून आणायचा? बर्फाची गरजच नाही. एका पायावर तोल सांभाळणे ही खरी विद्या आहे आणि ती घरातही शिकता येते. ६५ वर्षांवरील माणसांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे, अंथरूण धरणे आणि कमावत्या मुलांची रोजी बुडणे. त्यातही आपल्या आयाबहिणींची हाडे पाळी गेल्यावर लवकर ठिसूळ होतात, म्हणून त्यांनी तर मागे राहूच नये. स्वयंपाकघरातल्या ओट्याला किंवा भक्कम टेबलाला हात टेकवून उभे राहा. आधी दहा आकडे मोजेपर्यंत एका पायावर, मग दुसऱ्या. सवय झाली की हाताऐवजी एकच बोट टेकवा. रक्तदाब, चक्कर, हृदयाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पायात निसटणारी चप्पल नको, फरशी ओली नको आणि सुरुवातीला घरातले कोणीतरी जवळ असावे.

तरुण वाचकांनाही एक सांगणे आहे. आई-वडिलांना खुर्ची जरूर द्या, पण रोज थोडा वेळ त्यांना त्या खुर्चीतून उठवा. मोबाइल कसा वापरायचा, पोहायचे कसे, सायकल कशी चालवायची, जे त्यांना हवे ते शिकवा आणि शिकवताना चिडू नका. वडीलधाऱ्यांनीही नातवंडांकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. शिकण्याची सवय मोडली की माणूस खरा म्हातारा होतो. ती सवय मोडू देऊ नका, एवढीच आमची कळकळीची विनंती.