छपरावर न चढणारा ठेकेदार

छपराच्या ठेकेदारीचे वर्ष पाऊस आखून देतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर दिवाळीनंतर कामे निघतात, होळीनंतर त्यांना वेग येतो, आणि वैशाखात आपले घर गळते याची आठवण गावातल्या सगळ्या घरमालकांना एकदमच होते. जूनमध्ये पाऊस लागला की नवे काम थांबते. उरतात गळतीच्या तक्रारी आणि थकलेली बिले. कामांचे ढोबळ प्रकार तीन: जुन्या कौलारू घरांची शाकारणी आणि वासे-रिपांची बदली, लोखंडी कैच्यांवरची पत्र्याची शेड, आणि शहरात गळक्या गच्चीवर चढवलेले पत्र्याचे छप्पर. पहिल्यात मजुरीचा भाग मोठा, बाकी दोहोंत मालाचा. त्यामुळे एकाचे गणित दुसऱ्याला लागू पडत नाही.

या धंद्यात यशस्वी कसे व्हावे, याचे एक शास्त्र सध्या उद्योजकतेच्या वर्गांतून मोठ्या आवाजात शिकवले जाते. शिडीला हात लावतो तो मजूर आणि फोन उचलतो तो मालक, हे त्याचे पहिले सूत्र. छपराची मापे मोबाइलवर उपग्रहाच्या चित्रावरून घ्यावीत. दर चौरस फुटाला एकच ठेवावा. काम टोळीला पोटठेक्याने द्यावे आणि वाचलेला वेळ जाहिरातीत घालावा. कमी दरात भरपूर कामे धरली की नफा मागोमाग येतो. कारागीर पैशाने मिळतो, गिऱ्हाईक मिळत नाही. हे ऐकून एखादा तरुण ठेकेदार घरी येऊन शिडी विकायला काढत असेल, तर त्याला दोष देता येत नाही.

यातील काही मुद्द्यांना एकेक वाक्य पुरे. गावात छपराच्या कामाची जाहिरात शेजारच्या घराचे न गळणारे छप्पर करते, आणि तिचे पैसे पडत नाहीत. पोटठेक्याने काम दिले म्हणून अंगावरची जबाबदारी उतरत नाही. कायद्याने पोटठेकेदाराच्या मजुराचा अपघात मूळ ठेकेदारापर्यंत पोचतो. कमी दराची दहा कामे एकाच मे महिन्यात पुरी करायची असतात; हे सूत्र लिहिणाऱ्याने बहुधा पाऊस खिडकीतून पाहिला असावा.

खरा प्रश्न शिडीचा आहे. वरून काढलेल्या चित्रात छपराचे आडवे क्षेत्रफळ दिसते, उतार दिसत नाही. मंगळुरी कौलाच्या घराला ३० अंशांच्या आसपासचा उतार नेहमीचा. चित्रावर १००० चौरस फूट भरलेले असे छप्पर पाखावर मोजले तर सुमारे ११५५ चौरस फूट भरते. दीडशे चौरस फुटांचा माल आणि त्याची मजुरी अंदाजपत्रकातून सुरुवातीलाच गळते, आणि चढाओढीच्या दरात धरलेल्या कामात एवढा नफाही पुष्कळदा नसतो. उताराचा गुणक लावून ही चूक सुधारता येते, असे उत्तर मिळेल. येते खरी, पण उतार किती आहे हे कळायला कोणी तरी वर जायला हवे.

वर गेल्यावर जे दिसते ते कोणत्याही चित्रात नसते. बाहेरून साबूत दिसणाऱ्या पाखात वाळवीने खाल्लेली रीप असते, आणि ती कौल उचलल्याशिवाय कळत नाही. आढ्याचे कोने निखळलेले असतात. वानरांच्या उड्यांनी कौले फुटलेली असतात, आणि मालक मात्र गळतीचे खापर गेल्या वर्षीच्या कारागिरावर फोडत असतो. दोन पाखे आत मिळतात त्या पन्हळीत कुजलेल्या पानांचा थर असतो. खाली उभे राहून ‘सगळी कौले बदला’ असे सांगणे सोपे. त्यात निम्म्या चांगल्या कौलांचे पैसे मालकाच्या माथी बसतात किंवा सडलेला वासा नव्या कौलांखाली तसाच राहतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर तर पाय कुठे ठेवायचा हाच पहिला प्रश्न. तो पत्रा ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनाने फुटतो, म्हणून त्यावर फळी टाकूनच सरकायचे असते. ज्या ठेकेदाराला हे ठाऊक नाही, तो आपल्या माणसांना फळी देणार नाही.

पत्र्याच्या कामात तर सगळे मर्म चार आण्यांच्या वस्तूंत असते. स्क्रू तिरका गेला तर त्याचा रबरी वॉशर एका बाजूने उघडा राहतो. जास्त आवळला तर तो चेपून फाटतो. दोन्ही ठिकाणी पहिल्या पावसात पाणी येते. ग्राइंडरने कापलेल्या रंगीत पत्र्याची कड भाजते आणि तेथूनच गंज धरते. भोके पाडताना उडालेला लोखंडी कीस झाडून काढला नाही तर पावसाळ्याअखेर पत्र्यावर तांबडे डाग पडलेले दिसतात. यांतले काहीही कामाच्या शेवटी मोबाइलवर आलेल्या फोटोत दिसत नाही. फोटोत दिसतो नवा निळा पत्रा, आणि तो काही दिवस सर्वच ठेकेदारांचा सारखाच निळा असतो.

वाऱ्याची गोष्ट याहून गंभीर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि असंख्य घरांवरचे पत्रे व कौले उडाली. वादळापुढे कोणाचे चालते, ही समजूत ठेकेदारांना सोयीची. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. निसर्गचा वारा तेवढा नव्हता. ४४ मीटरच्या वाऱ्याचा मूळ दाब चौरस फुटाला सुमारे ११ किलो होतो, आणि पातळ पोलादी पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस फुटाला अर्धा किलोही नसते. असा पत्रा वजनाने बसून राहत नाही, स्क्रू आणि पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या) त्याला धरून ठेवतात. कोपऱ्यांवर, वळचणीला आणि आढ्यापाशी वारा छप्पर सर्वांत जोराने उचलतो. म्हणून तेथे स्क्रू जवळजवळ लागतात. चौरस फुटाच्या एकाच दराने काम घेतलेली टोळी मात्र मधल्या भागाचे अंतर कोपऱ्यापर्यंत तसेच नेते. तिला स्क्रू मोजून देणारा आणि नंतर मोजून घेणारा माणूस वर असावा लागतो. तो मालकच हवा असे नाही, हे मान्य. पण जो मालक कधीच वर गेला नाही त्याला असा माणूस निवडता येईल कसा?

येथे एका जुन्या वादाची आठवण होते. पत्र्याने कोकणाचे रूप बिघडवले, खरे छप्पर कौलाचेच, असे मानणारा एक पक्ष आहे आणि त्याचे हुंदके दर उन्हाळ्यात ऐकू येतात. ज्या मंगळुरी कौलासाठी हा शोक चालतो तेही कारखान्यातच जन्मले. जर्मन मिशनऱ्यांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. त्याच्या आधी नळीची कौले आणि गवताची छपरे होती, आणि यंत्राच्या कौलाने त्यांची जागा घेतली तेव्हा कोणी ना कोणी नाके मुरडली असतीलच. ठेकेदाराला या शोकात पडण्याचे कारण नाही. कौल उकाडा कमी करते आणि एक फुटले तर एकच बदलता येते. पत्रा लवकर बसतो आणि त्याला वानरे फोडत नाहीत. वाद संपला असे समजायला हरकत नाही, तरी तो पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा निघेल.

मग धंदा करावा कसा? वर जाऊन मोजावे, आणि मोजलेले कागदावर उतरवावे. दरपत्रकात पत्र्याची जाडी लिहिताना ती नुसत्या पोलादाची की जस्त आणि रंग धरून, हे स्पष्ट करावे; ०.५० मिलिमीटर म्हणून आलेल्या रंगीत पत्र्यात पोलाद ०.४३ च्या आसपासही निघू शकते. माल उतरवताना मायक्रोमीटर लावावा. नफ्याचा हिशेबही नीट शिकावा: १०० रुपयांच्या खर्चावर २० चढवले तर विक्रीवर १६.७ टक्केच सुटतात, २० टक्के हवे असतील तर २५ चढवावे लागतात. बयाणा मालाच्या खरेदीपुरता घ्यावा आणि तो त्याच कामावर खर्चावा. एका घराच्या बयाण्यातून दुसऱ्या घराचा पत्रा आणण्याची ह्याची टोपी त्याला घालणारी रीत मेअखेरीस उघडी पडते, कारण तेव्हा सगळेच मालक एकदम दारात येतात.

दोन टोळ्यांना पुरतील एवढीच कामे उन्हाळ्यात धरावीत. त्या टोळ्यांतील जाणती माणसे पावसाळ्यात गळतीच्या कामांवर, कैच्या वेल्डिंग करण्यावर आणि आतल्या दुरुस्तीवर ठेवून त्यांची हजेरी चालू राखावी, नाहीतर ती दिवाळीनंतर परत येत नाहीत. बिलाचा शेवटचा हप्ता, रकमेने लहान का होईना, पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर घ्यावा आणि तो घ्यायला जाताना शिडी सोबत न्यावी.