सायकल दिली, रस्ता कधी देणार?

भुसावळ ते जळगाव हे अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. साध्या सायकलवर, मध्यम वेगाने, पावणेदोन तासांचा रस्ता. साकेगाव, वाघूरचा पूल, नशिराबाद अशी सपाट वाट. तरीही घरात कोणी ‘सायकलने जळगावला जाऊन येतो’ म्हणाला, तर घरच्यांच्या पोटात गोळा येतो. सुरतेकडून नागपूरकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा ६ क्रमांकाचा) चौपदरी झाला, ट्रक आणि मोटारींचा वेग वाढला. सायकलवाल्याच्या वाट्याला कडेची पांढरी पट्टी आणि तिच्या पलीकडची खडी आली.

हा केवळ वाहतुकीचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. साकेगावहून भुसावळला रोज सायकलने ये-जा करणाऱ्याची ही मिनिटे तीन-चार दिवसांतच भरतात, जिमची फी न देता. ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार लोकांच्या २०१७ मधील अभ्यासात, कामावर सायकलने जाणाऱ्यांचा मृत्यूचा धोका बसून प्रवास करणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळला. मुळातच धडधाकट असलेले लोक सायकल निवडत असतील, ही शंका अशा अभ्यासात पूर्ण फिटत नाही. पण फरक एवढा मोठा आहे की तो बाजूला सारता येत नाही.

सायकल आता कोण चालवतो, असे विचारणाऱ्यांनी २०११ ची जनगणना पाहावी. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. दुचाकीवाल्यांचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते. त्यानंतर दुचाकी वाढल्या हे खरे. पण सायकलवाला रस्त्यावरून गेला त्याआधी तो नकाशावरून गेला होता. गंमत अशी, की सरकार स्वतःच सायकली वाटते. मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. त्यांत जळगाव जिल्ह्यातलेही तालुके आहेत. मुलीला सायकल द्यायची आणि तिने ती उसाच्या ट्रॉलीशेजारून चालवायची, याला योजना म्हणायचे का?

लांब पल्ल्याचा सायकलमार्ग म्हटला की आपल्याकडे उद्घाटनाची फीत दिसू लागते. उत्तर प्रदेशात इटावा ते आग्रा असा २०७ किलोमीटरचा सायकल महामार्ग २०१६ मध्ये मोठ्या गाजावाजात खुला झाला. काही वर्षांतच तो ठिकठिकाणी उखडला, त्यावर अतिक्रमणे झाली. बांधायला पैसा होता, सांभाळायला कोणी नव्हते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातला सायकल ट्रॅकही असाच पार्किंगच्या कामी आला. ब्रिटनने आपल्या राष्ट्रीय सायकल जाळ्याची तपासणी केली आणि २०२० मध्ये त्यातला जवळजवळ पाव भाग असुरक्षित म्हणून यादीतून कमी केला किंवा खालच्या दर्जात टाकला. असा कबुलीजबाब आपल्या कोणत्या खात्याने दिल्याचे दिसत नाही.

युरोपातल्या ‘युरोवेलो’ जाळ्याचे १७ मार्ग ९० हजार किलोमीटरहून अधिक लांब आहेत. ते सगळे नव्याने बांधलेले नाहीत. नदीकाठचे रस्ते, कालव्याच्या वाटा, कमी रहदारीचे ग्रामीण रस्ते जोडून, एकसारख्या पाट्या लावून ते तयार झाले. खान्देशात हेच करण्याजोगे आहे. हतनूर धरणाचा उजवा कालवा यावल-चोपड्याच्या दिशेने केळीच्या पट्ट्यातून जातो. कालव्याच्या कडेची वाट जिथे धड आहे तिथे ती दुरुस्त करून, जिथे नाही तिथे गावरस्त्याला जोडून घेता येईल. खर्च महामार्गाच्या तुलनेत किरकोळ.

पैसा कुठून, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. स्मार्ट सिटी योजनेत राज्यातली आठ शहरे होती. जळगाव-धुळ्याला त्यात जागा नव्हती. पण वाट महाराष्ट्रानेच दाखवली आहे. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणात वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पदपथ धरले गेले. २०२१ मध्ये भूमिपूजन झालेल्या या सुमारे ३५० किलोमीटरच्या कामांचा खर्च ११ हजार कोटींच्या पुढे होता. म्हणजे महामार्गाच्या अंदाजपत्रकातच पायी चालणाऱ्याचा वाटा काढता येतो. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणारी मुक्ताईची पालखीही लांब पल्ल्याची आहे. चालणारा आणि सायकलवाला, दोघांच्या सोयीचा पट्टा मागायला खान्देशाने संकोच करू नये.

‘इथल्या उन्हात कोण सायकल चालवणार?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी कोणीच चालवू नये. पण कामगारांची पाळी आणि मुलांची शाळा सकाळी सुरू होते. हैदराबादने २०२३ मध्ये बाह्यवळण रस्त्यालगतच्या २३ किलोमीटरच्या सायकलमार्गावर सौर पॅनलचे छप्पर घातले. ते आपल्याला महाग पडेल. कडुनिंब महाग नाही, फक्त पहिली तीन वर्षे त्याला पाणी घालावे लागते, आणि नेमके तेच कोणाच्या कामात बसत नाही.

खरी अडचण मालकीची आहे. नगरपालिकेची हद्द संपली की महामार्ग प्राधिकरण, पुढे सार्वजनिक बांधकाम, मग जिल्हा परिषद, कालव्यावर पाटबंधारे. प्रत्येकाचा तुकडा वेगळा, म्हणून सायकलवाला कोणाचाच नाही. जिल्हा नियोजन समितीने एका अधिकाऱ्यावर जबाबदारी टाकावी, आणि बांधकामाइतकीच देखभालीची रक्कम दहा वर्षांसाठी आधी बाजूला ठेवावी. पहिला टप्पा शंभर किलोमीटरचा नको. भुसावळ ते दीपनगर किंवा भुसावळ ते साकेगाव पुरे. रोजचा वापर तिथेच आहे. आणि सायकलींची मोजणी करायची तर ती दुपारी बाराला नव्हे, पहाटे पाळी बदलताना, दीपनगरच्या फाटकाशी करावी.