पाठभेद आणि गांवाभिमान

भंडाऱ्याहून वैनगंगेच्या प्रवाहाबरोबर खालीं गेलें कीं आंभोरा लागतें. गांव हल्लीं नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यांत, पण समोरचा तीर भंडाऱ्याचा. म्हणून त्याचा अभिमान दोन्ही कांठांना सारखाच. मराठीचा आद्य ग्रंथ म्हणून गाजलेला ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजांनीं येथेंच रचला, असें आमचे लोक छातीठोकपणें सांगतात. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईकर तितक्याच निष्ठेनें तो मान आपल्याकडे ओढतात. आम्ही हरिनाथांची समाधि दाखवितों, ते मुकुंदराजांची. दोघांचा मुख्य आधार मात्र एकच: ग्रंथाच्या शेवटीं शक, नदी व नगरी सांगणाऱ्या दोनतीन ओव्या.

आमची तक्रार गांवांविषयीं नाहीं, या ओव्या वापरण्याच्या रीतीविषयीं आहे. त्या सर्व हस्तलिखितांत आढळत नाहींत, ही गोष्ट दोन्ही पक्षांचे व्याख्याते सोयीस्करपणें विसरतात. एकानें ‘अंबानगरी’ उचलावी, दुसऱ्यानें ‘वैन्यागंगा’. पण पोथी कोणती, ती केव्हां नकलली, दुसऱ्या पोथींत त्या जागीं काय आहे, हें कोणीच सांगूं नये! शके 1110, म्हणजे इसवी सन 1188, हा काल सर्वतोमुखीं झाला. परंतु तेथेंच संवत्सर ‘साधारण’ दिला आहे. आणि दक्षिणेकडील गणनेनें शके 1110 ला कीलक संवत्सर पडतो, साधारण येतो शके 1112 मध्यें. चूक कवीची, नकलकाराची, कीं ओव्याच मागाहून घातलेल्या? प्रती शेजारीं ठेवून ताडल्यावांचून याचा निवाडा कोण करणार?

हें कारकुनी काम आहे, रसिकाचें नव्हे, असें म्हणणारे विद्वान आम्हांस भेटले आहेत. त्यांनीं मग एकनाथांसहि कारकून म्हणावें! शके 1506 मध्यें नाथांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि पुढें कोणीं आपली ओवी तींत घालूं नये असें बजावलें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारतासाठीं 1919 मध्यें आरंभिलेलें असेंच काम 1966 मध्यें पुरें झालें. अक्षराशीं अक्षर ताडण्यास विवेक थोडा लागत नाहीं. दहा पोथ्यांत एकाच जागीं एकच चूक सांपडली, तर त्या बहुधा एकाच मूळ पोथीच्या नकला ठरतात, व दहा साक्षींची एक साक्ष होते. शिवाय नकलणारा अवघड शब्द सोपा करतो. सोप्याचा अवघड क्वचितच करतो. अनोळखी नदीच्या जागीं आपल्या गांवची नदी लिहिण्याचा मोह त्याला झाला नसेल, हें शपथेवर कोण सांगेल? हा प्रश्न आमच्या वैनगंगेलाहि लागू आहे.

3 ऑक्टोबर 2024 रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. एवढी प्रतिष्ठा मिळाल्यावर तरी आद्य ग्रंथाचा काल ऐकीव ओवीवर सोडूं नये. आंभोऱ्यास असो वा अंबाजोगाईस, फलकावर ओवी रंगविण्यापूर्वीं ती कोणत्या पोथींतली हें खालीं लिहावें, आणि दुसऱ्या प्रतींतला पाठहि शेजारीं द्यावा. भंडाऱ्याच्या मंडळींनीं ही सुरुवात करावी. व तो दुसरा पाठ अंबाजोगाईच्या बाजूचा निघाला, तरी पुसूं नये.