निवृत्तांच्या पोथीतली रुसलेली रुक्मिणी

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला महानुभाव पंथातल्या भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपालवध’ पुरा केला आणि पंथातल्याच एका जाणत्याला दाखवला. ग्रंथ उत्तम उतरला आहे, अशी दाद त्याने दिली. पण लगेच पुढे सांगून टाकले, की हा संसारात रमलेल्यांच्या कामाचा. सारे सोडून निघालेल्या निवृत्तांच्या नाही. अडचण शृंगाराची होती. परंपरा सांगते, की भास्करभट्टांनी हे मनावर घेतले आणि भागवताच्या एकादश स्कंधावर वैराग्यपर ‘उद्धवगीता’ लिहिली.

शेरा खोटा नव्हता. हजाराहून अधिक ओव्यांच्या या काव्यात शिशुपालाचा वध अगदी शेवटी, जाता जाता उरकला आहे. कवीचा जीव रमतो द्वारकेत. रुसलेली रुक्मिणी, तिची समजूत काढताना देवपण विसरलेला श्रीकृष्ण, वसंत, जलक्रीडा. माघाच्या संस्कृत महाकाव्याचा वारसा पाठीशी होता आणि त्या घराण्यात ऋतुवर्णन, जलक्रीडा आल्याशिवाय महाकाव्याची पंगत पुरी होत नसे.

हे वाचणार कोण, तर भिक्षेच्या अन्नावर जगणारा, एका गावी न थांबणारा महानुभाव भिक्षू. त्याला चित्रातली स्त्रीसुद्धा पाहायची मनाई. ही मनाई स्त्रीद्वेषातून आली, असे घाईने म्हणू नये. पंथाचे संस्थापक चक्रधर यांनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, मासिक पाळीचा विटाळ मानला नाही. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा त्यांच्याच शिष्यपरिवारातली. चक्रधरांना धास्ती होती ती चित्त गुंतण्याची. तरीही भिंतीवरची स्त्री वर्ज्य आणि ओवीतली चालते, हे जुळवायचे कसे? कारण त्याच भिक्षूला सांगितलेली साधना म्हणजे एकांतात बसून ईश्वराच्या लीळांचे स्मरण. श्रीकृष्ण पंथाच्या पाच अवतारांपैकी एक. त्याच्या लीळा आठवायच्या, तर रुक्मिणीला उंबऱ्याबाहेर ठेवून कशा आठवणार? धर्माने कामनेला दाराशी अडवले खरे, पण मागच्या दाराने तिला आत घेणारेही धर्मानेच सांगितलेले स्मरण होते.

ज्ञानेश्वरांनाही हा पेच टळला नाही. 1290च्या ‘ज्ञानेश्वरी’त शांतरस शृंगारावर मात करील, अशी त्यांची ग्वाही आहे, आणि त्यांच्याच नावावरच्या ‘विरहिणी’ अभंगांत तळमळ आहे ती प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या स्त्रीची. 1292च्या नरेंद्राच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त तर विरहाची वर्णने पानोपानी.

अशा जागी आपले अभ्यासक चटकन ‘रूपक’ हा शब्द काढतात. प्रेयसी म्हणजे जीव, प्रियकर म्हणजे परमात्मा, झाले समाधान! विरहिणींपुरते ते पुष्कळसे खरेही आहे. पण भास्करभट्टांच्या त्या टीकाकाराने ही पळवाट धरली नाही, याचे आम्हाला कौतुक वाटते. त्याने शृंगाराला शृंगारच म्हटले, त्यातली कला मान्य केली आणि प्रश्न उभा केला तो वाचकाच्या अधिकाराचा. पोथी वाईट ठरली नाही. ती कुणाच्या हाती पडावी, एवढाच वाद राहिला. अश्लीलतेवरच्या आपल्या आजच्या चर्चांत ही फोड क्वचितच ऐकू येते.

‘उद्धवगीता’ लिहून झाल्यावरही ‘शिशुपालवध’ बाद झाला नाही. पंथाने मानलेल्या ‘साती ग्रंथां’त दोन्ही आहेत. पुढे पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत जपल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी त्यांतल्या सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा बाहेरच्यांना त्या वाचता येऊ लागल्या. तोवर पिढ्यान्‌पिढ्या या ग्रंथांच्या नकला उतरल्या त्या मठांतच. चित्रातल्या स्त्रीकडेही न पाहण्याचे व्रत घेतलेले हात, बोरूने, ओवीमागून ओवी, रुक्मिणीचा रुसवा उतरवून घेत होते.