नागरिक की केवळ प्रेक्षक?

४ जून २०२४ रोजी भारतात सकाळी आठ वाजता मतमोजणीला प्रारंभ झाला, तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि दुबईत सकाळचे साडेसहा. तेथील असंख्य मराठी घरे निकालाकडे डोळे लावून बसली होती. परंतु ज्या निकालासाठी ही मंडळी रात्र जागवीत होती, त्यात त्यांचा वाटा जवळजवळ शून्य होता.

२०१० च्या कायदादुरुस्तीने परदेशस्थ भारतीय पारपत्रधारकांना मतदारयादीत नाव नोंदविण्याचा अधिकार मिळाला. अट मात्र अशी की, मतदान स्वतः मायदेशी येऊन, मूळ पारपत्र दाखवून, आपल्याच केंद्रावर करावयाचे! अबुधाबीत घाम गाळणाऱ्या गवंड्याने एका मतासाठी रजा आणि विमानभाडे आणावे कोठून? परिणाम उघड आहे. परदेशस्थ भारतीय नागरिक एक कोटीहून अधिक. २०२४ मध्ये नोंदणी जेमतेम १ लाख १९ हजारांची आणि प्रत्यक्ष मतदान तीन हजारांहूनही कमी, त्यातही बहुसंख्य केरळचे. याला अधिकार म्हणावे की अधिकाराची थट्टा?

जे येथे कर भरत नाहीत त्यांना मत कशाला, असे काही विद्वान विचारतात. कराच्या पावतीवर मताधिकार तोलण्याची रीत ब्रिटिशांची होती. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने ती मोडीत काढली. दूर राहणाऱ्यांना देशाची तळमळ नसते, हा आक्षेप तर इतिहासाचे अज्ञान दर्शवितो. १९०५ मध्ये लंडनला ‘इंडिया हाऊस’ उभारणारे श्यामजी कृष्ण वर्मा आणि १९०७ मध्ये श्टुटगार्टला भारताचा ध्वज फडकविणाऱ्या मादाम कामा परदेशातच होत्या ना? परदेशस्थांनी दरवर्षी धाडलेले शंभर अब्ज डॉलरहून अधिक धन देशाला चालते. त्यांचे मत तेवढे चालत नाही!

परकीय नागरिकत्व स्वीकारलेल्यांचा हा प्रश्न नव्हे. त्यांना मताधिकार नसावा हेच योग्य. प्रश्न भारतीय नागरिकांचा आहे. सैनिकांना २००३ पासून प्रतिनिधीमार्फत मतदान करता येते. फिलिपिन्ससारखा देश २००४ पासून आपल्या परदेशस्थांचे मत तेथेच नोंदवून घेतो. परदेशस्थांना प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा देणारे विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये संमत केले; राज्यसभेची मोहोर न उमटल्याने २०१९ मध्ये ते व्यपगत झाले. तेव्हा केंद्रात राष्ट्रीय विचारांचे सरकार होते, हे विसरून चालणार नाही. स्वकीयांना जाब विचारणे हाही राष्ट्रधर्मच होय.

तोवर ज्या घरातील मुलगा वा मुलगी परदेशी आहे, त्या घराने एवढे तरी करावे: नमुना ६-अ भरून नाव नोंदवून घ्यावे. नोंदणी लाखांऐवजी कोटींत गेली, तर कोणत्याही पक्षाला हा प्रश्न टाळता येणार नाही. मातृभूमीला आपल्या दूरच्या लेकरांचा केवळ जयजयकार नको. त्यांचा कौलही हवा.